पंधरा ऑगस्टची ग्रामसभा तरुणांनी सोडू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तेवढे मतदार हजर लागतात. चारशे मतदारांच्या तांड्यावर साठ माणसे पुरतात, दोन हजार मतदारांच्या गावाला शंभर. एवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. त्या दिवशी पंधरा-वीस जण बसले तरी पुढच्या वर्षाचा आराखडा मंजूर होतो, लाभार्थ्यांची यादी कायम होते आणि कायद्याच्या नजरेत ते साऱ्या गावाचे म्हणणे ठरते. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांचा कारभार अशा तहकूब सभांवर चालतो. तरुणांनी राजकारणात यावे, असे आवाहन सगळेच करतात. मला त्याहून लहान आणि नेमकी गोष्ट सुचवायची आहे. निवडणुकीची वाट न पाहता प्रत्येक गावातल्या वीस तरुण-तरुणींनी ऑगस्टच्या ग्रामसभेला तयारी करून जावे.

ग्रामसभेत बसायला निवडून यावे लागत नाही. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. सदस्य किंवा सरपंच होण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, मतदार व्हायला १८. मधली तीन वर्षे गावचा कारभार शिकण्याची आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती वाया जातात.

पहिली अडचण यादीतच असते. आता मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचे कारण नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत पडून राहतात. सासरच्या ग्रामसभेत त्यांना हक्काने बोलता येत नाही आणि माहेरी त्या जाऊ शकत नाहीत. नमुना ८ भरला की हे काम होते. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिची प्रभागांत फोड केली जाते. निवडणूक लागल्यावर प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल तर ते दुरुस्त होते, पण विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर तिथे ते नव्याने घालता येत नाही. आचारसंहितेच्या धावपळीत तहसीलला हेलपाटे घालणाऱ्या पोरांना हेच उत्तर मिळते. म्हणून यादीचे काम निवडणुकीच्या वर्षात नव्हे, आत्ताच बीएलओकडून (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडून) करून घ्यावे.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. प्रघाताने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा त्यांच्या मागे-पुढे होतात. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते, इतके हे बंधन कडक आहे. या चारांपैकी मी ऑगस्टचीच सभा का म्हणतो, त्याचे कारण मराठवाड्याच्या जगण्यात आहे. बीड, धाराशिव, परभणी, जालना या जिल्ह्यांतली हजारो ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा मात्र २ ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या काळात तयार होतो आणि ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रकही जानेवारीच्या सुरुवातीला पंचायत समितीकडे जायचे असते. म्हणजे ज्या वस्तीला पाणी, रस्ता आणि अंगणवाडीची सर्वांत जास्त गरज, तीच वस्ती नेमकी ठरवायच्या वेळी कुलूपबंद असते. मग आराखड्यात गावठाणातल्या गल्ल्या येतात, वस्ती येत नाही. ऑगस्टमध्ये खरीप उभा असतो आणि माणसे घरी असतात. त्या सभेत वस्तीचे विषय ठरावात घेतले, तर पुढे आराखडा बनवणाऱ्याला ते वगळणे जड जाते. कोयता घेऊन जाणाऱ्या घरातल्या बारावी-पदवी झालेल्या मुला-मुलींनी हे एक काम अंगावर घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

आता पद्धत. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सभेच्या किमान सात दिवस आधी निघावी लागते. सूचनेत विषय छापून झाल्यावर नवा विषय घुसवायला गेलात तर "ऐनवेळच्या विषयात पाहू" असे उत्तर मिळते आणि तोवर माणसे उठलेली असतात. त्यामुळे अर्ज जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच द्यावा. तो सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्या नावे, दोन प्रतींत लिहावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्यावी. कार्यालय बंद असेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा. तोंडी सांगितलेला विषय कुठेच नसतो.

अर्जातला विषय कसा लिहायचा, यावर अर्धे काम अवलंबून असते. "वस्तीवर रस्ता व पाण्याची सोय करणे" असा विषय मंजूर होतो आणि तिथेच संपतो, कारण त्यावरून शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही. विषय असा हवा: अमुक प्रभागातील हातपंपापासून शाळेच्या फाटकापर्यंत शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद काँक्रीट रस्ता, अमुक आर्थिक वर्षाच्या आराखड्यात, अमुक निधीतून. जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची आहे का, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, आधी पाहून घ्यावे. शेताच्या बांधावरून जाणारा रस्ता असेल तर जमीनधारकांची संमतिपत्रे सोबत जोडावीत. जागेचा वाद हे मंजूर कामे परत जाण्याचे फार मोठे कारण आहे.

तरुणांचे ठराव सर्वांत जास्त कुठे अडतात, तर निधीच्या प्रकारावर. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२०-२१ ते २०२५-२६) गावाला मिळणारा पैसा दोन भागांत येत होता. पहिल्या वर्षानंतर ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातला निम्मा पाणीपुरवठा व जलसंधारणासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. दहा लाख आले तर तीन लाख पाण्याचे, तीन लाख गटार-कचऱ्याचे आणि उरलेल्या चार लाखांत बाकी सगळे. आता मुले मोठ्या उत्साहाने अभ्यासिका किंवा व्यायामशाळा मागतात, सभा टाळ्या वाजवून मंजुरी देते आणि सहा महिन्यांनी कळते की शिल्लक पैसा बंधित आहे, तो तिथे वापरता येत नाही. मग "आमचे कोणी ऐकत नाही" असा समज होऊन मुले पुढच्या सभेला येत नाहीत. पुढच्या आयोगांत प्रमाण बदलत राहील, पण सभेत पहिला प्रश्न हाच हवा: हातात किती आहे, त्यातले बंधित किती, अबंधित किती? अभ्यासिका हवी असेल तर ती अबंधित निधीत किंवा ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नात बसवावी. सांडपाण्याचे शोषखड्डे, पाऊसपाणी साठवण, नळयोजनेची दुरुस्ती ही कामे बंधितमध्ये मागावीत. ज्याला हा फरक कळतो त्याचे म्हणणे खोडून काढणे कोणालाही सोपे जात नाही.

स्वउत्पन्नाचाही हिशेब आहे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. पण घरपट्टी-पाणीपट्टीच वसूल नसेल तर या टक्क्यांत काही उरत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत करून दिले. करातून काय मिळते ते रोजच्या पिठात दिसू लागले. तरुणांनी थकबाकीची यादी घेऊन घरोघर जाऊन बोलावे, हेही स्थानिक कारभारात भाग घेणेच आहे. त्यासाठी मात्र आपल्या घरची पावती आधी फाडलेली हवी.

ऑगस्टच्या सभेआधी गावाचे कागद मोबाइलवरच पाहता येतात. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा, जमा-खर्च आणि प्रमाणके (खर्चाची व्हाउचर) दिसतात. मेरी पंचायत ॲपवरही बरेचसे मिळते. आधी मागच्या तीन वर्षांचे आराखडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. तेच काम तेवढ्याच रकमेला तिन्ही वर्षी असेल, तर ते झालेले नाही किंवा आराखडा नक्कल करून भरला आहे. मग प्रमाणके पाहावीत: तारीख, रक्कम, कोणाला दिले, कशासाठी. "पाणीपुरवठा साहित्य" अशी मोघम नोंद असेल तर सभेत विचारायचा प्रश्न तयार झाला: कोणते साहित्य, किती नग, आज कुठे आहे? चोर म्हणून बोट दाखवू नये, नग मोजायला चला म्हणावे. बऱ्याचदा साहित्य बसवलेलेही असते आणि नोंद तेवढी आळसाने लिहिलेली असते.

कार्यालयातल्या नोंदवह्यांत तीन ओळखता आल्या तरी पुरे: नमुना ५ ची रोकडवही, नमुना ८ ची कर आकारणी आणि नमुना ९ ची कर मागणी. चौथी म्हणजे ठरावांचे इतिवृत्त, ज्याला गावात प्रोसिडिंग म्हणतात. खरा घोळ इथे होतो. सभेत एक बोलले जाते, चार दिवसांनी प्रोसिडिंगमध्ये दुसरे लिहिले जाते आणि हजेरीच्या सह्या त्यानंतर घरोघर गोळा होतात. यावर उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा. सही सभेतच करावी, घरी आलेल्या वहीवर करू नये. ठराव झाल्याबरोबर त्याचा क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि मंजूर मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करावी. आपल्यातल्या एकाने तोच मजकूर कागदावर उतरवून घ्यावा. दोन ठरावांमध्ये कोरी जागा सुटली असेल तर तिथल्या तिथे आडवी रेघ मारून घ्यावी. सभेनंतर आठवड्याभरात ठरावाच्या प्रतीसाठी अर्ज द्यावा आणि मागच्या सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेच्या सुरुवातीला वाचले जाते तेव्हा तुलना करावी. चूक दाखवण्याची हक्काची जागा तीच. एकदा गावाला कळले की कोणीतरी लिहून घेते आहे, तर लिहिणारा हातही सांभाळून लिहितो.

माहितीचा अधिकार शेवटचे हत्यार समजावे, पहिले नव्हे. ग्रामसेवकाकडे कित्येकदा दोन-तीन गावे असतात. तो कोणत्या वारी येतो ते पाहून समोर बसून वह्या दाखवा म्हणावे. नाहीच दाखवल्या तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत असावा. "दहा वर्षांची सर्व कागदपत्रे" असे मागितले की अर्ज अडकतो. "अमुक वर्षाचे अमुक कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व देयक" असे मागितले की उत्तर देणे भाग पडते. अवलोकनही मागता येते आणि पहिल्या तासाला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे.

कागदानंतर काम. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत काँक्रीट रस्ते दोन पावसाळ्यांत का फुटतात, हे गावातल्या प्रत्येक तरुणाने समजून घ्यावे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरची स्लॅब तडकवते. म्हणून काळी माती काढून खाली मुरमाचा थर टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. अंदाजपत्रकात हा थर धरलेला असतो, पण झाकला गेल्यावर तो दिसत नाही. त्यामुळे काँक्रीट पडण्याच्या आदल्या दिवशी जाऊन पाहावे. वर सांगितलेला शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्ता पंधरा सेंटिमीटर जाडीचा असेल तर काँक्रीट होते ४५ घनमीटर. एम-२० मिश्रणाला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागते, म्हणजे सुमारे ३६० पोती. जाडी दहाच सेंटिमीटर ठेवली तर काँक्रीट ३० घनमीटर, आणि एक तृतीयांश रस्ता जागेवर आलाच नाही. साइडच्या फळ्यांची उंची टेपने मोजायला एक मिनिट लागते. काँक्रीट पडल्यावर मोजायला गेलात तर खोदावे लागते आणि भांडण होते. पाणी मारणे किमान सात दिवस, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. माती किंवा वाळूची आळी करून त्यात पाणी साठवले तर टँकरचे पाणी पुरते. या कामाला पद लागत नाही. ठेकेदारालाही आधी सांगून, कार्यारंभ आदेशाची प्रत हातात ठेवून, शांतपणे मोजले तर कोणी अडवत नाही.

दुसरे असे काम पाण्याचे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आजच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी लहानपणी पाहिले आहे. पाणी येण्याइतकेच ते शुद्ध असणे ग्रामपंचायतीच्या हातात असते, आणि चूक बहुधा अज्ञानाने होते. ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम लागते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. कर्मचारी मुठीने पावडर थेट टाकीत टाकतो तेव्हा चुन्याचा गाळ तळाला बसतो, एका घराला वास येणारे पाणी जाते आणि शेवटच्या घराला काहीच पोचत नाही. पावडर आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे निवळ द्रावण टाकीत ओतायचे आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचे. मग गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचे पाणी घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन तपासणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी, करायची. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचले. रंग येतच नसेल तर दोष मात्रेत, गळतीत किंवा पावडरीत असतो. तोंड उघडे राहिलेली, ओल धरलेली गोणी काही आठवड्यांत निकामी होते. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेले की ती वापरण्याजोगी राहत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या सुरक्षिततेनुसार गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते आणि का, हे सभेत विचारावे. विज्ञान शाखेतल्या चार मुलींनी रोजच्या ओटी टेस्टची एक वही ठेवली तर पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला ती नाकारता येणार नाही, आणि पुढच्या वेळी समिती नेमताना याच मुलींची नावे सुचवता येतील.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. अनेक गावांत ती वहीतच होते. शिकलेल्या मुलींनी आणि सुनांनी सूचना फलकावर तिची तारीख लागली का ते पाहून, नसेल तर लेखी विचारावी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. महिला सभेत बोलण्याची सवय झालेली बाई खुर्चीवर बसली की तिच्या वतीने दुसऱ्याला बोलावे लागत नाही.

निवडणूक लढवण्याबद्दल थोडक्यात, कारण ते नंतरचे आहे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी उत्तीर्ण असावे लागते. घरात शौचालय आणि त्याचा वापर हवा. ग्रामपंचायतीच्या कराचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत न भरलेली बाकी अपात्र ठरवू शकते. सरकारी किंवा गायरान जागेवर अतिक्रमण असेल तर पद जाते, आणि ते कुटुंबातल्या माणसाचे असले तरी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरुण उमेदवार इथेच फसतात: स्वतः निर्मळ, पण आजोबांनी पुढे घेतलेला ओटा गावठाणात. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्याचे व जातीचे पुरावे शोधावे लागतात. आपल्याकडे ते कागद निजामकाळातले, उर्दूत किंवा मोडीत असू शकतात. लग्न झालेल्या बाईला वडिलांकडचे पुरावे लागतात, म्हणजे माहेरच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. हे पंधरा दिवसांत जमत नाही, वर्षभर आधी सुरू करावे. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब हरलेल्यांनीही द्यायचा असतो. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. आणि सरपंच झालाच, तर डिजिटल सहीचे डोंगल व त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून गावाला निघून जाणे म्हणजे सह्या केलेले कोरे धनादेश ठेवून जाणे.

पद लिलावाने देऊन निवडणूक "बिनविरोध" करण्याचा प्रकार कुठे दिसला तर त्यात भाग घेऊ नये. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणूक याच कारणावरून रद्द केली होती.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. त्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलांना गट आणि गण (जिल्हा परिषदेचे व पंचायत समितीचे मतदारसंघ) म्हणजे काय हे मतदानातून शिकायला मिळालेच नाही. ग्रामसभा मात्र त्या काळातही भरत होती. पुणे, लातूर, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणि अकराव्या अनुसूचीचे २९ विषय तोंडपाठ आहेत. गावात या ज्ञानाची फार गरज आहे. त्यांनी वर्षातून दोनदा, १ मे आणि १५ ऑगस्टला, गावी यावे आणि गावात राहणाऱ्या मित्रांना उरलेल्या दोन सभांसाठी प्रश्न लिहून द्यावेत. गावातल्या मुलांना जागा आणि माणसे माहीत असतात, बाहेर शिकणाऱ्यांना कायदा. दोघे मिळून बसले तर ठराव पक्का होतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. जिल्हा पानांवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तालुकानिहाय ग्रामसभांच्या तारखा व वेळा छापाव्यात. पंचायत समित्यांकडे त्या एकत्र मिळतात. सभा झाल्यावर कोणत्या गावांत गणपूर्ती झाली आणि कोणत्या गावांत सभा तहकूब झाली, तीही यादी द्यावी. तहकूब गावांची पुढची तारीख त्याच यादीत असावी, म्हणजे त्या दिवशी जायचे असेल त्याला जाता येईल.

आपला,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), जि. परभणी